पगार आठ हजारांनी जास्त, पण रोज शंभर किलोमीटर : लांबची नोकरी परवडते की नाही, हे ठरवायचे कसे?

संकेश्वर : सकाळी सहा-साडेसहाला पुणे-बंगळूर महामार्गावरच्या कुठल्याही फाट्यावर उभे राहा. पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, डोक्याला हेल्मेट किंवा नुसता रुमाल, आणि नजर बसच्या नाहीतर कंपनीच्या गाडीच्या दिशेने. संकेश्वर, निपाणी, कोगनोळी भागातून कागल, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडे जाणारी ही माणसे. तिकडे खानापूर आणि चंदगड तालुक्यांतून बेळगावात येणारी, बेळगावातून शिनोळीला जाणारी, आणि सोमवारी पहाटे चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला लागणारीही आहेत. राज्याची हद्द नकाशावर असली तरी पोटासाठी ती रोज ओलांडावी लागते.

गावाजवळ पगार कमी आणि लांब जास्त, हे जुनेच आहे. म्हणून लांबची ऑफर आली की घरात आधी आनंद होतो. मग स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "अहो, पण हातात किती पडणार?" बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर नोकरी धरल्यावर तिसऱ्या महिन्यात कळते. तोवर जुनी नोकरी सुटलेली असते. हा हिशेब आधीच मांडता येतो. त्यासाठी एक वही, एक पेन आणि थोडा खरेपणा पुरतो.

आधी ऑफरचा आकडा नीट वाचा

एक उदाहरण घेऊ. संकेश्वरात एका संस्थेत अकाउंट्सचे काम करणारा पस्तिशीचा माणूस. पगार १७,००० रुपये. घरापासून काम तीन किलोमीटरवर. त्याला गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात तेच काम २५,००० रुपयांवर मिळते आहे. अंतर एका बाजूने साधारण ५० किलोमीटर. वरवर पाहता महिन्याला ८,००० रुपयांचा फायदा.

पहिला प्रश्न असा, की हे २५,००० म्हणजे नेमके काय? एकूण पगार की सीटीसी? सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा सगळा खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. मूळ वेतन १५,००० असेल तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपये बाजूला जातात. म्हणजे पगारपत्रकावर येणार २२,४८० च्या आसपास. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला की हातात साडेवीस हजार. पीएफ आपलाच असतो, बुडत नाही. पण दूधवाला आणि किराणावाला पीएफच्या पासबुकावर उधारी देत नाहीत.

आपल्या उदाहरणात २५,००० हा एकूण पगार आहे असे धरू. तरी हातात येणारी रक्कम अशी होते :

जुनी नोकरी : १७,००० मधून पीएफ १,४४० (मूळ वेतन १२,००० धरून) आणि ईएसआय १२८ वजा. हातात १५,४३२.

नवी नोकरी : २५,००० मधून पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा. हातात २३,०००.

फरक ७,५६८ रुपये.

व्यवसाय कराचा नियम राज्यागणिक बदलतो आणि तो काम जिथे आहे तिथल्या राज्याचा लागतो. कर्नाटकात महिना २५,००० पेक्षा कमी पगार असेल तर हा कर नाही. महाराष्ट्रात १०,००० च्या वर पुरुषांना महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये द्यावे लागतात. महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे. गोव्यात हा करच नाही. रक्कम मोठी नाही, पण वहीत लिहायला हवी.

आता रस्त्याचा खर्च

रोज १०० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे २,६०० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ५० देते असे धरले तर ५२ लिटर पेट्रोल. लिटरला शंभराच्या आसपास भाव धरून ५,२०० रुपये. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो, आणि चूकही इथेच होते.

गाडी नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. ऑइल, ब्रेक, चेन-स्पॉकेट, टायर आणि गाडीची उतरणारी किंमत हे सगळे किलोमीटरवर मोजावे लागते. वर्षाला ३१,००० किलोमीटर पळणारी गाडी चार वर्षांत सव्वा लाखाच्या घरात जाते. त्या वेळी ती विकायला काढली तर गिऱ्हाईक मीटर बघूनच बोलतो. किलोमीटरला एक रुपया धरला तर महिन्याला २,६०० रुपये. दोन्ही मिळून ७,८०० रुपये.

जुन्या नोकरीला जाण्या-येण्याचा खर्च याच दराने महिना ४७० च्या आसपास होता. तो वाचला. म्हणजे जादा खर्च ७,३३० आणि जादा पगार ७,५६८. शिल्लक २३८ रुपये.

आठ हजारांची वाढ म्हणून निघालेला माणूस महिन्याला २३८ रुपयांवर येऊन थांबतो. मधे चहा-वडापाव घेतला की तेही संपले.

वेळेलाही दर लावा

आता तासांचा हिशेब. ५० किलोमीटरला सव्वा तास धरला तर रोज अडीच तास, महिन्याला ६५ तास, वर्षाला ७८० तास. आठ तासांच्या पाळीत मोजले तर ९७ दिवस. वर्षातले तीन महिन्यांहून जास्त कामाचे दिवस केवळ रस्त्यावर जातात, आणि त्यांचा पगार कोणी देत नाही.

हातात येणाऱ्या रकमेतून प्रवासखर्च वजा करा. उरलेल्या रकमेला कामाचे आणि प्रवासाचे मिळून जेवढे तास होतात त्याने भागा. येणारा आकडा हा तुमचा खरा तासाचा दर :

जुनी नोकरी : १४,९६० भागिले २१७ तास. तासाला ६९ रुपये.

नवी नोकरी, स्वतःच्या मोटारसायकलवर : १५,२०० भागिले २७३ तास. तासाला ५६ रुपये.

नवी नोकरी, बस आणि शेवटच्या टप्प्याला शेअर रिक्षा (महिना ४,००० आणि रोज साडेतीन तास धरून) : १९,००० भागिले २९९ तास. तासाला ६४ रुपये.

नवी नोकरी, कंपनीची बस (महिना १,००० कपात आणि रोज तीन तास धरून) : २२,००० भागिले २८६ तास. तासाला ७७ रुपये.

नोकरी तीच, पगार तोच. पण जायचे कसे यावर ती तोट्याची ठरते किंवा फायद्याची. त्यामुळे मुलाखतीत "पगार किती" याच्या आधी "कंपनीची बस आहे का, आणि ती कुठपर्यंत येते" हे विचारायला हवे. बस निपाणीपर्यंतच येत असेल तर संकेश्वर ते निपाणी हे वीस-बावीस किलोमीटर आपल्या खिशातून जाणार, तेही वेगळे धरा. हे आकडे उदाहरणाचे आहेत. रीत तीच ठेवून आपापले आकडे घालावेत.

चौघांनी मिळून कार करणे हा आणखी एक मार्ग. लिटरला १५ किलोमीटर धरले तर महिन्याचे पेट्रोल १७,३०० च्या घरात, माणशी ४,३०० रुपये. वर देखभाल आणि टोल. दुचाकीला टोल नाही, कारला कोगनोळीचा नाका लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी कारसाठी ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास सुरू झाला. त्या दराने एका नाक्यावरून जाण्याचा खर्च १५ रुपये पडत होता. पण रोज दोनदा नाका ओलांडणाऱ्याचे २०० चार महिन्यांच्या आत संपतात, म्हणजे वर्षाला तीन-चार पास लागतील. आणखी एक काळजी घ्यायला हवी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत मित्रांनी पेट्रोल वाटून घेणे वेगळे आणि भाडे घेऊन माणसे नेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

हद्द ओलांडली की सवलत बदलते

महिलांचा हिशेब सीमाभागात वेगळाच होतो. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्यातील रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे, पण तो राज्याच्या आत. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, तेही त्या राज्याच्या हद्दीपर्यंत. त्यामुळे निपाणीच्या एखाद्या ताईंना ७५ किलोमीटरवरचे बेळगाव फुकट पडते आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या कागलला पैसे मोजावे लागतात. पैशाने बेळगाव स्वस्त, वेळेने कागल. तासाचा दर काढला की दोन्हींची तुलना एका ओळीत होते.

रेल्वेचा पास सगळ्यात स्वस्त, पण तो ज्यांच्या गावाला रूळ आहेत त्यांना. खानापूर, घटप्रभा, रायबाग, कुडचीकरांना ती सोय आहे. निपाणी, संकेश्वरला रेल्वे नाही, आणि कोल्हापूर-बेळगाव रेल्वेने जायचे तर मिरजेला वळसा पडतो. पास काढण्याआधी तो कोणत्या गाड्यांत चालतो हेही पाहावे लागते.

पगार वाढला, पण दवाखाना गेला

या हिशेबात बहुतेकजण विसरतात ती गोष्ट म्हणजे ईएसआय. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तरच ही योजना लागू होते. १७,००० वाल्याच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे १२८ रुपये कापले जात होते, आणि त्यात त्याच्यासह बायको-मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांच्या उपचारांची सोय होती. नवी नोकरी २५,००० ची, म्हणजे ही सोय संपली. नव्या कंपनीत गट आरोग्य विमा आहे का, त्यात आई-वडील येतात का, हे विचारा. नसेल तर स्वतःची पॉलिसी घ्यावी लागेल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला आहे, तरी साठीपुढच्या आई-वडिलांना धरून हप्ता हजारांत जातो. तो आपल्या २३८ रुपयांतून वजा करून पाहा.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. कायम नोकरीत सलग पाच वर्षे झाली की ती मिळते. जुन्या ठिकाणी साडेचार वर्षे झाली असतील तर सहा महिन्यांची घाई महागात पडू शकते. पीएफचे मात्र भय नाही. यूएएन क्रमांक देशभर एकच असतो, राज्य बदलले तरी खाते त्याच क्रमांकाखाली पुढे चालते.

रस्ता रोज सारखा नसतो

उन्हाळ्यात सव्वा तास लागणारा रस्ता पावसाळ्यात आणि गळीत हंगामात वेगळा असतो. नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर आले की, विशेषतः मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीमागून अंधारात मोटारसायकल चालवणे म्हणजे जीव मुठीत धरणे. पहाटेचे धुके आणि रस्तारुंदीकरणाची वळणे त्यात भर घालतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात हाच महामार्ग पाण्यामुळे बंद पडला होता. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांना पावसाळ्यात दरड आणि खड्डे दोन्ही पाहावे लागतात.

सीमाभागाची स्वतःची अशीही एक अडचण आहे. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तणावामुळे दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवरच थांबल्या होत्या. ज्याची नोकरी पलीकडे आणि साधन केवळ बस, त्याच्या रजा तिथेच खर्ची पडतात. प्रोबेशनवर असलेल्याला तर रजाही नसते.

अपघाताबाबत कायदा आता कामगाराच्या बाजूने थोडा सरकला आहे. साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पाळीवर येताना मोटारसायकल अपघातात गेला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट केले, की घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध जुळत असेल तर, नोकरीदरम्यानचाच अपघात धरता येतो. पण त्या कुटुंबाला शेवटचा निकाल मिळायला बावीस वर्षे लागली, हेही विसरू नये. तोवर कामी येतो तो स्वतःचा विमा. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का, आणि लायसन्सची मुदत चालू आहे का, हे आजच पाहावे.

घरचे काम कोण करणार?

आपल्याकडे नोकरदार म्हटला तरी तो निम्मा शेतकरी असतो. दारात दोन म्हशी, एकरभर ऊस. सकाळी सहाला धार काढून डेअरीत दूध घालायचे, मोटारीची लाइट रात्री असेल तर रात्री पाणी पाजायचे. पावणेसातला घर सोडणारा आणि रात्री आठला परतणारा माणूस हे करू शकत नाही. मग ते काम बायकोवर पडते, नाहीतर म्हाताऱ्या वडिलांवर. एक म्हैस विकावी लागली तर तिचे दुधाचे पैसे हाही नव्या नोकरीचा खर्चच आहे. तो वहीत वजा बाजूला लिहायला हवा.

मुलांचेही तसेच. औद्योगिक वसाहतीत सुट्टी रविवारीच असेल असे नाही. मुलांची शाळा रविवारी बंद आणि बापाची सुट्टी दुसऱ्याच वारी, असे झाले तर एका घरात राहून आठवडाभर गाठ पडत नाही. अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांची माहिती तपासून हेच दाखवले होते. ज्यांचा रोजचा प्रवास लांब, त्यांचे आयुष्याबद्दलचे समाधान कमी. जादा पगार किंवा स्वस्त घर ती कसर पूर्ण भरून काढत नव्हते. माणूस पगार लगेच मोजतो, थकवा नंतर.

मग घरच हलवले तर?

कोल्हापुरात खोली घेऊन राहणे हा तिसरा मार्ग. एकट्याने राहायचे तर खोलीचे भाडे, मेस आणि आठवड्याची गावची फेरी धरता खर्च मोटारसायकलच्या आसपासच जातो, पण रोजचे अडीच तास आणि रस्त्याचा धोका वाचतो. सगळे कुटुंब न्यायचे तर अनामत, भाडे, मुलांचे दाखले आले. शिवाय कर्नाटकातील गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये आणि गृहज्योतीची २०० युनिटपर्यंतची मोफत वीज या गोष्टी तिथल्या रेशनकार्डाशी आणि वीजजोडणीशी बांधलेल्या आहेत. त्या सुटल्या तर काय, हेही मोजावे लागेल.

परवडते कधी?

एवढे वाचून लांबची नोकरी घेऊच नये असे वाटेल. तसे नाही. पीथमपूरला जाणारे इंदूरकर आणि हालोलला जाणारे वडोदेकर वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत, आणि अनेकांची घरे त्यावर उभी राहिली. फरक पडतो तो पुढच्या तीन गोष्टींनी.

एक, वाहतूक. कंपनीची बस किंवा भरवशाची गाडी असेल तर हिशेब बहुधा जमतो.

दोन, नोकरीचा प्रकार. ठेकेदाराकडची की कंपनीच्या हजेरीपटावरची? ठेकेदार बदलला की प्रवास केलेली वर्षे शून्यावर येतात.

तीन, पुढची पायरी. टॅलीवर नोंदी करणाऱ्याला मोठ्या कारखान्यात जीएसटी, एक्स्पोर्टची कागदपत्रे, सॅप शिकायला मिळणार असेल, तर आजचे २३८ रुपये हा खरा आकडा नाही. दोन वर्षांनी तोच माणूस ३५,००० मागू शकतो, कदाचित बेळगावातच. पण मग "दोन वर्षे" ही मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवायला हवी. मुदत नसलेला प्रवास सवयीचा होतो आणि पन्नाशीत कंबर बोलू लागते.

होकार देण्याआधी

– ऑफर लेटरवर एकूण पगार, मूळ वेतन आणि हातात येणारी रक्कम वेगवेगळी लिहून घ्या.

– पाळी कोणती आणि किती दिवसांनी बदलते, हे विचारा. रात्री बाराला सुटल्यावर परतीचे साधन काय?

– प्रवासभत्ता मागा. महिना २,००० मिळाले तरी मोटारसायकलवाल्याचा तासाचा दर ५६ वरून ६३ वर जातो. मागितल्याने ऑफर जात नाही.

– रजा टाकून तीन दिवस प्रत्यक्ष पाळीच्या वेळेला जाऊन या. त्यातला एक दिवस बाजाराचा किंवा पावसाचा असू द्या.

– आधीपासून त्याच वाटेने जाणाऱ्या दोघांना विचारा. एक जो टिकला आणि एक ज्याने सोडले.

– घरात बसून म्हशी, पाणी, मुलांचा अभ्यास, आई-वडिलांचा दवाखाना कोण पाहणार, हे नाव घालून ठरवा.

संकेश्वरच्या उदाहरणातील माणसाने काय करावे? कंपनीची बस नसेल आणि भत्ताही नसेल, तर केवळ पगारासाठी ही नोकरी घेण्यात अर्थ नाही. जुन्याच ठिकाणी दोन हजारांची वाढ मिळाली तरी तो पुढे राहतो. बस असेल, आरोग्य विमा असेल आणि काम शिकायला मिळणार असेल, तर घरच्यांना सांगून, मुदत घालून जावे. हातातली ऑफर दाखवून आधी जुन्या मालकाशी एकदा बोलायला मात्र काहीच हरकत नाही. त्याला प्रवासखर्च लागत नाही.